ब्रिटनमधील गावाच्या जुन्या पोस्टकार्डाचा काळ कसा ठरवावा

ब्रिटनमधील एखाद्या खेड्याचे जुने चित्र-पोस्टकार्ड हाती आले, तर चित्रापेक्षा आधी त्याची मागची बाजू पाहावी. मजकूर आणि पत्ता यांसाठी मध्ये उभी रेघ मारून दोन भाग केले असतील, तर ते कार्ड १९०२ नंतरचे समजावे, कारण तिथल्या टपाल खात्याने त्याच वर्षी ही सोय दिली. त्याआधी मागे केवळ पत्ताच लिहिता येत असे आणि निरोप चित्राच्या कडेला कोंबावा लागे. देशांतर्गत कार्डावर अर्ध्या पेनीचे हिरवे तिकीट असेल, तर ते बहुधा जून १९१८ पूर्वी टपालात पडले असावे, कारण तेव्हा दर एक पेनी झाला.

मात्र टपालाचा शिक्का कार्ड पाठवल्याची तारीख सांगतो, छायाचित्र टिपल्याची नव्हे. फ्रान्सिस फ्रिथ यांच्या कंपनीसारखे प्रकाशक एकच दृश्य वर्षानुवर्षे विकत असत, आणि नवखा संग्राहक हमखास फसतो तो इथेच. म्हणून नंतर भिंगातून चित्र न्याहाळावे. चौकात पहिल्या महायुद्धातील मृतांचे स्मारक उभे असेल, तर छायाचित्र साधारणपणे १९१९ नंतरचे असते. मोटारीवर नोंदणी क्रमांकाची पाटी दिसली, तर ते १९०३ च्या आधीचे नाही. धुराड्यांवर दूरदर्शनच्या ॲन्टेना दिसल्या, तर ते बहुधा १९५० च्या दशकातील किंवा त्यानंतरचे असते.

शेवटी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे मैलाला २५ इंच प्रमाणाचे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्यांत घरे सुटी सुटी दाखवलेली असल्यामुळे छायाचित्रकार कुठे उभा होता, हेही ताडता येते. निघालेला काळ कार्डामागे मऊ पेन्सिलीनेच लिहावा, बॉलपेनाने कधीही नाही.