छापील कागदावरचा अंगठ्याचा ठसा वेगळा काढण्याचा सराव

न्यायवैद्यक प्रतिमा प्रक्रियेत नवख्याचा हात पहिल्यांदा जातो तो उजळपणा आणि धारदारपणा वाढवण्याकडे, आणि तपासाच्या दृष्टीने तिथेच काम बिघडते, कारण आपण कोणत्या पिक्सेलचे काय केले हे नंतर कोणालाच, अगदी आपल्यालाही, सांगता येत नाही. म्हणून पुढील सराव एकाच प्रश्नाभोवती बेतला आहे : पार्श्वभूमीच्या जाळीत अडकलेला ठसा, त्यातली एकही रेषा न गमावता आणि एकही न घालता, मोकळा कसा करावा?

त्यासाठी इमेज-जे पुरेसे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी विकसित केलेली ही संगणक प्रणाली मोफत मिळते. फिजी ही तिचीच अधिक साधनांसह येणारी आवृत्ती आहे. वर्तमानपत्रातील एखाद्या कृष्णधवल छायाचित्राच्या करड्या भागावर निळ्या स्टॅम्प पॅडच्या शाईने आपलाच अंगठा उमटवावा. शेजारी पोलादी पट्टी एकदा आडवी आणि एकदा उभी ठेवून १२०० पीपीआयवर (म्हणजे इंचामागे १२०० पिक्सेल) रंगीत स्कॅन करावा आणि तो टिफ स्वरूपात साठवावा. जेपेग येथे टाळावे, कारण ते प्रतिमेचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि त्या चौकोनांची आवर्तने पुढच्या टप्प्यात खऱ्या माहितीत मिसळतात.

स्कॅन होताच मूळ फाइलचा हॅश काढावा, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने निघणारी तिची खूण; फाइल जराही बदलली की ही खूण बदलते. विंडोजमध्ये पॉवरशेलची गेट-फाइलहॅश ही आज्ञा ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ हॅश देते. तो वहीत उतरवावा आणि पुढचे सारे काम प्रतीवरच करावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नमूद करावा लागतो, त्यामुळे ही सवय सरावातच लागलेली बरी. प्लगइन्स मेनूतील मॅक्रोज-रेकॉर्ड हेही आताच सुरू करावे. दिलेली प्रत्येक आज्ञा त्यात क्रमाने नोंदली जाते.

मग मापन. पट्टीवरील २० मिलिमीटरवर सरळ रेघ ओढून अ‍ॅनलाइज मेनूतील सेट स्केल उघडावे. १२०० पीपीआयला मिलिमीटरमागे ४७.२४ पिक्सेल येतात, म्हणजे रेघेची लांबी ९४५ पिक्सेलच्या आसपास भरली पाहिजे. उभ्या पट्टीवर हीच तपासणी पुन्हा करावी. दोन्ही आकड्यांत फरक आढळला तर स्कॅनर एका दिशेने प्रतिमा ताणतो आहे असे समजावे आणि तशी नोंद करावी.

आता रंगाच्या वाहिन्या, म्हणजे प्रतिमेचे लाल, हिरवा आणि निळा हे तीन घटक, सुट्या कराव्यात. निळी शाई लाल प्रकाश शोषते, म्हणून लाल वाहिनीत ठसा सर्वांत गडद दिसतो आणि निळ्या वाहिनीत फिका पडतो. छायाचित्राची करडी छटा ज्यांच्या जाळीतून बनते ते छपाईचे काळे ठिपके मात्र तिन्ही वाहिन्यांत राहतात, तेव्हा एवढ्यावर भागत नाही.

लाल वाहिनीतून ठसा मध्यभागी येईल असा १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा चौकोन कापून प्रोसेस मेनूतील एफएफटी (फास्ट फूरियर ट्रान्सफॉर्म) चालवावे. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे नमुने, म्हणजे आवर्तने, ही गणिती प्रक्रिया वेगवेगळी करून दाखवते. समोर येणाऱ्या चित्रात मधल्या तेजस्वी बिंदूभोवती एक पुसट कडे दिसेल आणि त्याच्या बाहेर समोरासमोर जोडीने बसलेले ठळक ठिपके दिसतील. कडे ठशाच्या रेषांचे आहे : दोन रेषांमधील अंतर साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे २३-२४ पिक्सेल, आणि १०२४ ला त्याने भागले की कड्याची त्रिज्या सुमारे ४३ पिक्सेल येते. बाहेरचे ठिपके छपाईच्या जाळीचे. कर्सर त्यांवर नेला की आवर्तनाची लांबी इमेज-जेच्या मुख्य खिडकीतील स्थितिपट्टीत वाचता येते. ती वाचल्याशिवाय कोणताही ठिपका खोडू नये.

प्रत्येक जोडीतील दोन्ही ठिपक्यांवर लहान वर्तुळ काढून काळा रंग भरावा आणि इन्व्हर्स एफएफटी चालवावे; ही उलट प्रक्रिया खोडलेली आवर्तने गाळून प्रतिमा परत देते. मध्यबिंदूला हात लावू नये, कारण प्रतिमेची सरासरी उजळी त्यातच असते. एखादा ठिपका नेमका कड्यावरच पडला असेल, तर माझ्या मते तो तसाच सोडावा. जाळीचा थोडा अंश राहिला तरी परीक्षकाला ठसा वाचता येतो, पण पुसलेली रेषा परत आणता येत नाही. याच कारणाने, चित्र ‘सुधारून’ देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने येथे वर्ज्य मानावीत. ती तुटलेली रेषा अंदाजाने जोडतात, आणि रेषा कुठे तुटते, कुठे फुटते यावरच तर ओळख ठरते.

शेवटी प्रोसेस मेनूतील इमेज कॅल्क्युलेटरने गाळण्यापूर्वीचा चौकोन आणि गाळलेला चौकोन यांची डिफरन्स प्रतिमा काढावी. ती फार काळी असते. पाहण्यापुरता उजळपणा वाढवावा, पण ‘अप्लाय’ दाबू नये, कारण तोपर्यंत फक्त दिसणे बदलते आणि त्यानंतर पिक्सेलची मूल्येच बदलतात. त्या प्रतिमेत नुसती एकसारखी जाळी दिसली तर गाळणी योग्य बसली. ठशाच्या वळणांचा माग तिथे उमटला असेल, तर वर्तुळे मोठी झाली आहेत; ती लहान करून एफएफटीपासून पुन्हा सुरुवात करावी आणि फसलेल्या प्रयत्नाची मॅक्रो नोंदही फाइलमध्ये राहू द्यावी.