आपल्या गावचा घनकचरा आराखडा कसा मागायचा आणि कसा तपासायचा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका नगरपंचायतीचा घनकचरा व्यवस्थापन आराखडा माहिती अधिकारात मागवला. ८४ पानांची झेरॉक्स मिळाली, रात्री जेवण झाल्यावर वाचायला बसलो आणि ३१ व्या पानावर वाक्य आलं, "शहराच्या पश्चिमेस खाडी असून भरतीच्या वेळी..." आता सातारा-सांगलीकडं खाडी कुठनं आली? आमच्याकडं ओढा आहे, तो पण मार्चला आटतोय. कुठल्यातरी कोकणातल्या गावचा आराखडा उचलून नाव बदललेलं, आणि हे एक वाक्य बदलायचं राहून गेलेलं. त्याच कागदावर ठराव झाला, सही झाली, शिक्का बसला आणि तो वर गेला. वरच्यांनी तो उघडून बघितला असता तर खाडी दिसली असती की.

म्हणून हे लिहितोय. आराखडा मागवणं अवघड नाही, वाचणं पण अवघड नाही, फक्त कुठं बघायचं ते माहीत पायजे.

आधी कायद्याची साखळी समजून घ्या म्हणजे ऑफिसात गेल्यावर कोण टोलवाटोलवी करणार नाही. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, त्याच्याखाली ८ एप्रिल २०१६ ला केंद्रानं घनकचरा व्यवस्थापन नियम काढले. त्यात राज्याच्या नगरविकास खात्याला एका वर्षात राज्याचं धोरण आणि रणनीती तयार करायला सांगितलं, आणि ते जाहीर झालं की सहा महिन्याच्या आत प्रत्येक पालिकेनं आपला स्वतःचा आराखडा त्या धोरणाला धरून करायचा आणि प्रत राज्याला पाठवायची. म्हणजे वरनं धोरण खाली येतंय आणि खालनं आराखडे वर जातायत, दोन्ही एकमेकाला जुळले पायजेत. तुमच्या नगरपालिकेचा आराखडा हा मुख्याधिकाऱ्यांच्या मर्जीचा विषय नाही, नियमानं बंधनकारक कागद आहे तो.

आणि हे नुसतं कागदी बंधन आहे असं कुणाला वाटत असेल तर २०१८ आठवा. दिल्लीत २०१५ ला एका लहान मुलाचा डेंग्यूनं जीव गेला आणि आई-बापांनी आत्महत्या केली, त्याची सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतलेली, त्याच प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१८ ला न्यायालयानं घनकचऱ्याचं धोरण केलं नाही म्हणून महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, उत्तराखंड आणि चंडीगडमधल्या बांधकामांवरच बंदी घातली. राज्यानं धाव घेतल्यावर ती पुढं उठली, पण एका धोरणापायी अख्ख्या राज्यातली बांधकामं अडली होती हे विसरू नका. सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय हरित लवादानं तर कचरा आणि सांडपाणी दोन्ही मिळून महाराष्ट्राला १२,००० कोटींची भरपाई भरायला सांगितली.

आता जानेवारी २०२६ मध्ये नवीन नियम आलेत आणि १ एप्रिल २०२६ पासून २०१६ च्या नियमांची जागा त्यांनी घेतली. तुमच्या हातात येणारा आराखडा मात्र बहुतेक जुन्या नियमांवरच बेतलेला असणार, म्हणून मी दोन्हीचं सांगतोय.

मागायचा कसा? माहिती अधिकाराचा जोडपत्र 'अ' चा अर्ज, त्यावर १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, नाहीतर त्याच कारणानं परत पाठवतात. "कचरा का उचलत नाही", "जबाबदार कोण" असलं विचारू नका, का-कशाला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, रेकॉर्ड मागा. मी चार गोष्टी मागतो: मंजूर आराखड्याची प्रत ठराव क्रमांक आणि तारखेसकट, तो शासनाकडं पाठवल्याच्या पत्राची जावक नंबर असलेली प्रत, मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल (२०१६ च्या नियमात तो नमुना ४ मध्ये ३० एप्रिलच्या आत द्यायचा असतोय), आणि कचरा डेपोवरच्या वजनकाट्याच्या कुठल्याही एका महिन्याच्या नोंदी. आवक टेबलावर पोच घ्या, शिक्का पुसट बसला तर परत मारून मागा, मागनं त्यावरच सगळं अवलंबून असतंय. ३० दिवस वाट बघा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसात पहिलं अपील, २० रुपयाचा स्टॅम्प, आणि मुदत उलटून दिलेली माहिती फुकट द्यावी लागते हे लक्षात ठेवा, पानाला २ रुपये भरू नका. तरी नाही झालं तर ९० दिवसात राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं दुसरं अपील.

वजनाच्या नोंदी मागायला लोक विसरतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे.

कारण आराखडा वाचायचा तो वजनानं. बाकी फोटो, नकाशे, स्वच्छतेची शपथ, ते सगळं सोडा, पेन्सिल घ्या आणि बेरीज करा. समजा गाव २० हजार वस्तीचं, आराखड्यात माणशी ३०० ग्रॅम कचरा धरलाय, म्हणजे दिवसाला ६ टन झाला. आता ओला किती दाखवलाय, समजा साडेतीन टन. खताच्या शेडची क्षमता किती लिहिलीय? एक टन. मग राहिलेला अडीच टन ओला कचरा रोज कुठं जातोय? ह्याचं उत्तर आराखड्यात सापडलं नाही तर तो डेपोवर जाऊन कुजतोय, दुसरं काही नाही. सुक्याचं पण तसंच, वर्गीकरण शेडमध्ये किती टन, भंगारवाल्याला किती गेला, सिमेंट कारखान्याला इंधन म्हणून किती, आणि शेवटी पुरायला किती राहिला. सगळ्याची बेरीज परत ६ टन यायला पायजे. त्या ८४ पानांच्या आराखड्यात मी बेरीज केली तर रोजचा जवळजवळ दोन टन कचरा गायबच होता, तो ना शेडमध्ये ना डेपोवर.

मग वजनकाट्याच्या पावत्या शेजारी ठेवा. घंटागाडी भरून आली तेव्हाचं वजन आणि रिकामी परत गेली तेव्हाचं वजन, दोन्ही नोंदी पायजेत. मला मिळालेल्या वहीत सलग अकरा दिवस प्रत्येक गाडीचं वजन हुबेहूब सारखंच, ८५० किलो, दिवाळीच्या आठवड्यात पण ८५०. दिवाळीत कचरा वाढतोय हे लहान पोराला पण कळतंय. काटा बंदच होता आणि वही खोलीत बसून भरलेली, हे नंतर तिथल्या मुकादमानंच सांगितलं.

खताचं रजिस्टर पण बघा. ओल्या कचऱ्याचं खत होताना पाणी उडून वजन निम्म्याच्या खाली येतंय, पण शून्य होत नाही. वर्षभर टनानं कचरा शेडमध्ये गेला म्हणतायत आणि खत विकल्याची किंवा बागेला टाकल्याची एक नोंद नाही, तर त्या शेडमध्ये काही होत नाही असंच समजायचं. राज्याचा 'हरित महासिटी कंपोस्ट' ब्रँड आहे, त्याखाली पालिकांना खत विकता येतंय, शेतकरी घेतात पण.

दुसरा मोठा मुद्दा जागेचा, आणि आपल्या कृष्णाकाठच्या लोकांनी तर हे पान डोळ्यात तेल घालून वाचावं. २०१६ च्या नियमांच्या परिशिष्टात लँडफिलसाठी, म्हणजे कचरा पुरायच्या जागेसाठी, अंतरं दिलीत: नदीपासून १०० मीटर, तळं, हायवे, वस्ती, सार्वजनिक बाग आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर, विमानतळापासून २० किलोमीटर. आणि गेल्या १०० वर्षात नोंद झालेल्या पूरक्षेत्रात लँडफिल चालत नाही. आपल्याकडं २०१९ आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोका पातळी आहे हे सांगलीत शाळेतल्या पोराला पण तोंडपाठ असतंय, तरी नकाशात पूररेषा दाखवलेलीच नाही असे आराखडे निघतात. तुमच्या आराखड्यातल्या जागेचा गट नंबर घ्या, पूररेषेच्या नकाशावर बसवून बघा.

आणि प्रत्यक्ष जाऊन बघाच. मी ज्या डेपोवर गेलो तिथं खालच्या अंगाला एक विहीर आहे, कठड्याला वाऱ्यानं आलेल्या पिशव्या चिकटलेल्या, शेतकऱ्यानं मोटर काढून दाखवली तर फूटव्हॉल्वच्या जाळीला काळा चिकट थर आणि त्यात चिंध्या. त्यांची म्हातारी म्हणाली, "प्यायला तर सोडाच, आता जनावरं बी तोंड लावत न्हाईत ह्या पाण्याला." आराखड्यात लिहिलेलं, परिसरात पाण्याचा स्रोत नाही. मी मोबाईलच्या नकाशावर अंतर मोजलं, १३० मीटर भरलं. आता हे खरंय की जुने डेपो नियमांच्या आधीपासूनचे आहेत, पण त्याच जागेवर नवीन लँडफिल किंवा वाढीव जागा दाखवली असेल तर तिथं हरकत घ्या.

जुन्या ढिगाचं काय, हे पण आराखड्यात पायजे. २०१६ च्या नियमांनी बायोमायनिंग (ढीग उकरून, चाळून साफ करणं) किंवा कॅपिंगला (ढीग झाकून बंद करणं) पाच वर्षं दिलेली, म्हणजे एप्रिल २०२१ लाच ती मुदत संपली. नवीन नियमात जुन्या सगळ्या डेपोंची मोजणी करून ठरल्या वेळेत ढीग काढायचा आणि दर तीन महिन्याला पोर्टलवर प्रगती टाकायची आहे. किती घनमीटर ढीग, कधी सुरू, कधी संपणार, निघालेली माती कुठं टाकणार, हे चार आकडे नसतील तर ते प्रकरण नुसतं पानं भरायला लिहिलंय.

माझं स्वतःचं एक मत, पूर उतरल्यावरच्या कचऱ्याचं वेगळं प्रकरण आपल्याकडच्या प्रत्येक आराखड्यात पायजेच. २०१९ ला पाणी ओसरल्यावर गाद्या, भिजून कुजलेलं धान्य, पुस्तकं, कपाटं रस्त्यावर आली होती, तो कचरा ६ टनाच्या हिशोबात कुठंच बसत नाही, तेव्हा तो टाकायला उंचावरची तात्पुरती जागा आधीच ठरवलेली असली पायजे.

वर्गीकरणाचं पान लवकर होतंय. जुन्यात तीन भाग होते, ओला, सुका आणि घरगुती घातक. १ एप्रिल २०२६ पासून चार झालेत: ओला, सुका, सॅनिटरी म्हणजे डायपर-पॅड, आणि विशेष काळजीचा म्हणजे औषधं, बल्ब, रंगाचे डबे, पाऱ्याचा थर्मामीटर वगैरे. घंटागाडीला चार कप्पे आहेत का बघा, नसतील तर घरात वेगळं केलेलं गाडीत एक होणार आणि बायकांची सगळी मेहनत वाया. मोठा कचरा करणाऱ्यांची यादी पण मागा. नवीन नियमात २० हजार चौरस मीटर बांधकाम किंवा दिवसाला ४० हजार लिटर पाणी किंवा १०० किलो कचरा, ह्यातलं एक जरी लागू झालं तरी ती संस्था त्यात येते. आमच्याकडं लग्नसराईत मंगल कार्यालयांच्या पत्रावळ्या आणि उरलेलं जेवण किती असतंय ते सांगायला नको, आणि यादीत एकाही कार्यालयाचं नाव नव्हतं.

कचरावेचक बायकांबद्दल एक ओळ तरी आहे का हे जरूर बघा. त्यांची नोंदणी करून कामात सामावून घेणं हे २०१६ पासून नियमात आहे. पहाटे पाचला डेपोवर उघड्या हातानं काच वेचणाऱ्या बाईला हातमोजे आणि ओळखपत्र द्यायचं कलम आराखड्यात असलं तर तुम्हाला ते अंमलात आणा म्हणून भांडता येतंय, नसलं तर आधी ते घालायला लावा.

हे सगळं होणार नाही असं कोण म्हणालं तर आपल्याच दोन जिल्ह्यांकडं बोट दाखवा. एक लाखाच्या आतल्या शहरात स्वच्छ सर्वेक्षणात २०२० ला कराड देशात पहिलं, २०२१ ला विटा पहिलं, २०२२ ला पाचगणी पहिलं. सलग तीन वर्षं सातारा-सांगलीच.

चुका सापडल्या की भांडायला जाऊ नका, लेखी द्या. पान नंबर, वाक्य, त्यासमोर नियम आणि तुमचा फोटो किंवा मोजमाप, असं एका कागदावर मांडा. एक प्रत मुख्याधिकारी किंवा आयुक्तांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, कारण पालिकांच्या कामावर देखरेख ठेवायची जबाबदारी नियमानं त्यांच्यावर आहे, आणि एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला, सातारा आणि सांगली दोन्हीकडं आहे. उघड्यावर कचरा जाळताना दिसला तर वेळ-तारखेसकट फोटो काढा, हरित लवादाच्या २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळण्याला २५ हजार भरपाई सांगितलीय. लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, पण तिथं जायच्या आधी हे सगळे अर्ज आणि त्यांच्या पोचा एका फाईलला तारखेनं लावून ठेवा.

मी खाडीच्या त्या पानाची प्रत लावून अर्ज दिला, सोबत विहिरीचा फोटो आणि ८५० किलोवाली वही. दोन महिन्यांनी पत्र आलं की आराखडा सुधारून परत सभेपुढं ठेवणार आहेत. नवीन आराखड्याची प्रत मागायचा अर्ज परवाच आवकला टाकून आलोय.