मंडळी वाढली की निरोपाची सोय बदला
चर्चची मंडळी वाढली की पाळकांच्या (पास्टरांच्या) व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्ट लिस्टवर, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या यादीवर, विसंबू नका. एका यादीत 256 जणच बसतात, शिवाय ज्यांनी पाळकांचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. नवी कुटुंबं नेमकी इथेच सुटतात. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवरच कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र जोडणारी सोय, उघडा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिन लिहितात, त्यामुळे ‘रविवारी उपासना 8 ऐवजी 9 वाजता’ हा निरोप सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जात नाही. अ‍ॅडमिन किमान दोघं-तिघं हवेत. पाळकांची बदली होते, ग्रुप मंडळीकडेच राहायला हवा. तरुण संघ, महिला मंडळ यांचे ग्रुप कम्युनिटीखाली जोडा. प्रार्थनेची विनंती मात्र आजारी माणसाला विचारूनच टाका. रिपोर्टचा फोटो तर नाहीच नाही. स्मार्टफोन नसलेल्या आजी-आजोबांना शनिवारी कुणीतरी फोन लावावा.