हॉटेलची खोली भलतीच निघाली तर काय करावं? नाशिकला मुक्काम करणाऱ्यांसाठी

रामकुंडावरचे विधी, त्र्यंबकेश्वर, वणी, नाहीतर कुणाचं लग्न. नाशिकला एका रात्रीसाठी येणारा माणूस बहुधा उशिरा पोचतो आणि पहाटे निघायच्या घाईत असतो. हे काउंटरवरच्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून ‘सकाळी मॅनेजरसाहेब आले की बघू’ हे ठरलेलं उत्तर. साहेब येणार दहाला आणि तुमची गाडी सहाला. तेव्हा तक्रारीचं जे काय करायचं, ते रात्रीच करायचं.

आधी एक फोन

बुकिंग ॲपवरून करा, पण त्याआधी हॉटेलला फोन करून विचारा: चेकआऊट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं? गरम पाणी दिवसभर की फक्त सकाळी? आणि हॉटेल नेमकं कुठे? ‘स्टेशनजवळ’ म्हणजे नाशिक रोड, आणि तिथून सीबीएस (शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक) किंवा पंचवटी आठ-दहा किलोमीटर. पहाटे रामकुंडावर पोचायचं असेल तर हे अंतर चांगलंच नडतं. मिळालेली उत्तरं व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. तोंडी शब्दाला नंतर कुणी वाली नसतो.

पैसे देण्याआधी खोली पाहा

सामान खालीच राहू दे. एकाने वर जाऊन बघावं. नळ सोडा, गिझरचा दिवा लागतो का पाहा, दाराची आतली कडी लावून बघा. ब्लँकेट उचलून खालची चादर आणि उशीचा अभ्रा नीट पाहा. मळ तिथे असतो. मग रजिस्टरवर सही आणि त्यानंतर पैसे, शक्यतो यूपीआयने. जीएसटीचं पक्कं बिल मागा. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे. कुणी १२ टक्के लावले तर तिथेच बोट ठेवा.

बिघडलं की लगेच लिहा

सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि लोक नेमकं हेच टाळतात. काउंटरवर आवाज चढवून काही होत नाही. तिथला मुलगा रात्रपाळीचा, त्याच्या हातात किल्ल्यांपलीकडे फार काही नसतं. आधी फोटो आणि छोटा व्हिडिओ काढा, खोलीचा नंबर त्यात दिसू द्या. मग हॉटेलच्या नंबरवर असा मेसेज टाका:

‘खोली २०४. रात्री ९.४० वाजले आहेत. गिझर बंद आहे, चादरीवर डाग आहेत. ९.१५ ला काउंटरवर सांगितले, कोणी आले नाही. खोली बदलून द्यावी. ते शक्य नसेल तर आजचे भाडे परत करावे.’

वेळ, त्रुटी, कुणाला सांगितलं आणि काय हवंय, एवढंच. ‘अत्यंत गलथान कारभार’ वगैरे नको. त्याने मन हलकं होतं, काम होत नाही. ॲपवरून बुकिंग असेल तर हाच मजकूर त्यांच्या मदत विभागालाही त्याच रात्री पाठवा.

मागणी मात्र बेताची ठेवा. दुसरी खोली मिळाली, तिथे झोप झाली आणि सकाळी पूर्ण पैसे परत मागितले, तर कुणी ऐकणार नाही आणि त्यात त्यांची चूक नाही. रात्रीच सोडून गेलात तर निघाल्याची वेळ मेसेजमध्ये लिहून मगच बाहेर पडा.

घरी आल्यावर

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. बिल, फोटो, मेसेजचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. एका रात्रीच्या भाड्याचं प्रकरण असेल तर माझ्या मते इथेच तड लावायचा प्रयत्न करावा. ॲप कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. बिलात न विचारता सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो देणं बंधनकारक नाही, हेही लक्षात असू द्या. रिव्ह्यू लिहायचा तर घडलं तेवढंच लिहा, शिव्या नकोत.

नुकसान मोठं असेल, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या दहा खोल्या ऐनवेळी नाकारल्या वगैरे, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. आधी स्पीड पोस्टने नोटीस पाठवून पंधरा दिवसांची मुदत देण्याचा प्रघात आहे. तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि वकील सक्तीचा नाही. त्यासाठी नाशिकच्या खेपा घालायची गरज नाही: जळगावकराने जळगावला, सोलापूरकराने सोलापूरला तक्रार दाखल करावी, ऑनलाइनही होते. मुदत, घटना घडल्यापासून दोन वर्षं.