पुस्तकामागची गोष्ट कशी शोधायची? सुरुवात खान्देशातून करा

भो, जुनं गाजलेलं पुस्तक हातात आलं की आपण प्रस्तावना सरळ उलटून पुढे जातो, आणि खरा मसाला तिथेच असतो. माझी पद्धत सोपीये, आधी एवढंच बघायचं की लेखणी कोणाच्या हातात होती आणि तो माणूस तेव्हा कुठे होता.

'गीता प्रवचने' घ्या. नाव विनोबांचं, पण त्यांनी ते लिहायला घेतलंच नव्हतं, १९३२ साली धुळ्याच्या जेलात दर रविवारी ते कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे, २१ फेब्रुवारी ते १९ जून, १८ रविवार १८ अध्याय, आणि समोर बसून भराभर उतरवून घेत होते ते आपले अमळनेरचे साने गुरुजी! हे माहीत झाल्यावर एखादं प्रवचन मोठ्याने वाचून बघा, मग कळतं एवढे साधे दाखले का दिलेत. पुढच्याच वर्षी गुरुजी नाशिकच्या जेलात, आणि तिथे 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहून मोकळे. त्यातल्या प्रकरणांना 'रात्र' का म्हटलंय ते सुरुवातीची पानं वाचली की समजतं, लोक नेमकी तीच सोडतात.

बहिणाबाईंसाठी मात्र जरा जास्त वेळ काढा. आसोद्याची लेक, जळगावची सून, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात नाहीतर जात्यावर गाणी सुचायची आणि मुलगा सोपानदेव (तो स्वतः कवी) नि घरातली मंडळी ती कागदावर उतरवून ठेवायची. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, मग सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट. म्हणजे बाईंनी स्वतःचं पुस्तक बघितलंच नाही, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, डिग्रीवर छापून येतं. यांची गाणी मनात वाचू नका, लेवा बोली बोलणारी एखादी आजी गाठा आणि तिच्याकडून म्हणून घ्या. अहिराणी म्हणाल तर आजीच ओरडेल.

आता ऐकीव गोष्टींचं काय करायचं? तारीख आणि ठिकाण मागायचं, बस. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' झाले, विशीसुद्धा गाठली नव्हती, हे पक्कं. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, हेही पक्कं. पण कविता उदास म्हणजे जीव मुद्दाम दिला असणार, हा हिशोब कट्ट्यावरचा आहे, तो पुढे फॉरवर्ड करू नका.

जुन्या आवृत्त्या गावच्या वाचनालयात मागा, कपाटात मागच्या रांगेत असतात. हस्तलिखितांचाच नाद लागला तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर आहेच, फक्त जायच्या आधी फोन करून वेळ विचारा.