मॅकाडेमियाचा गर कडवट किंवा खवट का होतो? या चुका टाळा

मॅकाडेमिया हा ऑस्ट्रेलियातल्या आग्नेय क्वीन्सलंड आणि ईशान्य न्यू साउथ वेल्समधल्या वर्षावनांतला सदाहरित वृक्ष आहे; त्याच्या फळाच्या कठीण कवचातला गर सुक्या मेव्यासारखा खातात. ब्रिस्बेनकडे घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांना तो परसात आयताच मिळतो आणि मग पहिल्याच हंगामात हातून चुका होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फळे झाडावरून तोडणे. हिरव्या सालीवरून आतला गर भरला की नाही हे कळत नाही. फळ पक्व झाले की बहुधा आपणहून गळते, म्हणून खाली पडलेलीच वेचावीत. पक्व गरात सुमारे ७२ टक्के किंवा त्याहून अधिक तेल असल्यामुळे वाळलेला गर साध्या पाण्यावर तरंगतो आणि कोवळा बुडतो.

वेचलेली फळे पिशवीत तशीच ठेवल्यास हिरवी साल तापते, बुरशी धरते आणि गर खवट होतो. त्यामुळे साल शक्यतो २४ तासांच्या आत काढावी. त्यानंतरची घाई मात्र नुकसान करते. ओली फळे थेट गरम ओव्हनमध्ये घातली, तर पुढे भाजताना गर आतून तपकिरी पडतो. आधी दोन-तीन आठवडे सावलीत, जाळीवर पातळ पसरून वाळवावीत आणि शेवटी मंद उष्णता द्यावी. फळ कानाशी हलवले असता गर कवचात खुळखुळू लागला, की ते फोडण्याजोगे झाले. येथे आपला अडकित्ता कामाचा नाही, कारण कवच गोल, गुळगुळीत आणि कमालीचे टणक असते. खोलगा असलेल्या दगडात फळ बसवून हातोडीचा एकच नेमका घाव घालावा.

गर मुळातच कडू लागला, तर तो थुंकून टाकावा. चार जातींपैकी इंटेग्रिफोलिया, टेट्राफायला आणि त्यांचे संकर खाण्याजोगे आहेत. टर्निफोलिया आणि जान्सेनी यांच्या गरात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. कुत्र्याला मात्र गोड गरही देऊ नये, त्याचे मागचे पाय लुळे पडतात.

पाने पिवळी पडली की डीएपी हे स्फुरदयुक्त (फॉस्फरस असलेले) खत टाकणे ही आपल्याकडची सवय, पण या झाडाची ब्रशसारखी दाट तंतुमुळे स्फुरद कमी असलेल्या मातीसाठीच घडलेली आहेत. जादा स्फुरदामुळे लोह मिळेनासे होते आणि पिवळेपणा आणखी वाढतो. त्याऐवजी बुंध्यापासून थोडे अंतर सोडून पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. नवीन झाड लावायचे असल्यास कलमच घ्यावे. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फळ धरायला बरीच अधिक वर्षे लागतात आणि ते कसे निघेल याचा भरवसा नसतो.