पॉलिमर काँक्रीट चिकट राहतंय? आधी डस्ट तपासा

पॉलिमर काँक्रीटमध्ये सिमेंट नसतं, पाणीही नसतं; दगडाची डस्ट, म्हणजे भुकटी, पॉलिएस्टर रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने जोडलेली असते. शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला मी हे दहादा सांगतो. तरी पहिल्या पावसाळ्यात फोन येतोच, "दादा, माल चिकट राहिलाय."

डस्ट ओली असते, दुसरं काय! क्रशरची डस्ट असो की फरशी कापायच्या मशीनखालचा गाळ, वरून खडखडीत दिसतो आणि आत ओल धरून बसतो. कणावर पाणी असलं की पॉलिएस्टर रेझिन दगडाला धरत नाही, नीट जमतही नाही. अर्धा टक्का ओलसुद्धा मला जास्त वाटते.

हे मी फुकटात शिकलो नाही. एका जुलैत बारा-बारा किलोची चाळीस गटार-झाकणं ओतली. डस्ट ताडपत्रीखाली होती, मुठीत दाबली तर गोळा होत नव्हता, म्हणून चालवून घेतली. सकाळी झाकणं वरून टणक, उलटी केली तर बोटाला चिकटतायत. दोन तर साच्यातून काढतानाच कोपऱ्यात फुटली. साठेक किलो रेझिन पाण्यात गेलं, म्हणजे खरोखरच पाण्यामुळे गेलं.

आता मी डस्ट पत्र्यावर 100 ते 110 अंशांवर चारेक तास भाजतो. मग मूठभर गरम डस्ट काचेच्या बरणीत घालून झाकण लावतो. काच आतून धुरकटली की परत भट्टीवर. झाली की बंद ड्रममध्ये रात्रभर गार करायची. एवढा धीर नसलेल्या एकाने गरम डस्टमध्येच रेझिन ओतलं. बादलीसकट दगड झाला.

ताकदीसाठी मालात धागा घालायचा तर, घायपाताचा असो वा काथ्या, तो 5 टक्के कॉस्टिक सोड्यात भिजवून, बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुऊन, कडकडीत वाळवायचा. हातमोजे घालूनच. दीडेक सेंटिमीटरचे तुकडे, तेही चिमटी-चिमटीने, सगळ्यात शेवटी. मी वजनाच्या 1 टक्क्यावर जात नाही. 'जास्त धागा, जास्त ताकद' म्हणणाऱ्यांच्या मालात गुंते होतात आणि धागाच रेझिन पिऊन टाकतो.

लवकर जमावं म्हणून हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, दुप्पट घालू नका, माल तापून तडकतो. कोबाल्ट, म्हणजे हे जमणं वेगाने घडवणारं रसायन, आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर त्यानंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. इथे मी कुणाची घाई ऐकून घेत नाही.

डस्ट चाळताना मास्क लावा. आणि साच्याला मेण लावायचं विसरलात, तर छिन्नी घ्या नि साचाही गेला समजा.